पाच महिन्यांचा सम्राट: सातवा जॉन आणि पॅलिओलोगस घराण्यातली भाऊबंदकी

शाईपेन (धागाकर्ता)

१३ एप्रिल १३९० च्या रात्री बायझंटाइन साम्राज्याच्या राजधानीच्या, कॉन्स्टँटिनोपलच्या तटाचा एक दरवाजा आतल्या लोकांनीच उघडला. बाहेर विशीतला जॉन पॅलिओलोगस, म्हणजे सातवा जॉन, माणसं घेऊन थांबला होता. सकाळ होईतो शहर त्याच्या हातात आलं. त्याचे आजोबा, पाचवा जॉन, सुवर्णद्वाराजवळच्या गढीत जाऊन बसले ते तिथून हललेच नाहीत. १७ सप्टेंबरला काका मॅन्युएल ऱ्होड्सच्या नाइट्सची जहाजं सोबत घेऊन आला आणि त्याने पुतण्याला हुसकून लावलं. राज्य आटोपलं. जेमतेम पाच महिने.

त्या दिवसांत स्मोलेन्स्कहून आलेला इग्नाती नावाचा एक रशियन यात्रेकरू शहरात होता. त्याने हे सगळं लिहून ठेवलं, म्हणून निदान एवढं तरी कळतं. एरवी सातव्या जॉनच्या वाट्याला इतिहासात एखादी ओळ येते, तीही 'तुर्कांच्या मदतीने गादी बळकावणारा नातू' अशी. हा धागा त्या ओळीशी भांडायला काढला आहे. गादी बळकावली असं तेव्हा म्हणता येतं, जेव्हा ती दुसऱ्या कुणाची असते. इथे ती त्याचीच होती आणि तसा करार खुद्द आजोबांनी केला होता.

थोडं मागे जावं लागेल.

पाचव्या जॉनचा थोरला मुलगा अँड्रोनिकस (चौथा), धाकटा मॅन्युएल. थोरल्याला लहानपणीच सहसम्राट म्हणून मुकुट मिळाला होता, म्हणजे वारस कोण यात संशय नव्हता. बापलेकांचं मात्र कधी पटलं नाही. १३६६ मध्ये हंगेरीहून परतताना बल्गेरियनांनी पाचव्या जॉनची वाट अडवली. अँड्रोनिकस बल्गेरियाच्या झारचा जावई, पण त्याने बापासाठी काही हालचाल केल्याचं दिसत नाही. पुढे १३७०-७१ मध्ये सम्राट पैशांच्या व्यवहारात व्हेनिसमध्ये अडकून पडला, तेव्हाही राजधानीत कारभार पाहणाऱ्या थोरल्याने हात वर केले. धाकटा मॅन्युएल थेसालोनिकीहून धावून गेला. घरात कोणाचं वजन वाढलं असेल ते सांगायला नको.

१३७३ मध्ये पाचवा जॉन ऑटोमन सुलतान पहिल्या मुरादचा मांडलिक म्हणून त्याच्यासोबत आशिया मायनरच्या मोहिमेवर गेला. मागे अँड्रोनिकस आणि मुरादचा मुलगा सावजी या दोघांनी हातमिळवणी करून आपापल्या बापाविरुद्ध बंड केलं. दोन शत्रुघराण्यांतले दोन नाराज मुलगे एकत्र येतात, हा प्रसंग कोणी कादंबरीत घातला असता तर आपण नाकं मुरडली असती. बंड फसलं. मुरादने सावजीचे डोळे काढले, मग त्याला मारलं, आणि जॉनला निरोप धाडला की तुझ्या मुलालाही हीच शिक्षा हवी, नातवालाही. नातू म्हणजे आपला सातवा जॉन. वय साधारण तीन वर्षं.

शिक्षा झाली, पण अर्धवट. दोघांचीही दृष्टी पूर्ण गेली नाही. हे मुद्दाम झालं की नशिबाने, हा ज्याच्या त्याच्या अंदाजाचा भाग. माझ्या मते मुद्दाम. २५ सप्टेंबर १३७३ ला मॅन्युएलला सहसम्राटाचा मुकुट चढला आणि थोरली पाती कैदेत गेली.

इथून पुढचा हिशेब मांडतो, कारण खरी गोष्ट त्यात आहे.

१३७६. व्हेनिसला टेनेडोस बेट हवं होतं, पाचव्या जॉनने ते देऊ केलं. जेनोआ हे व्हेनिससारखंच इटलीतलं व्यापारी नगरराज्य, व्हेनिसचं वैरी. खाडीपलीकडच्या गलाटा वसाहतीतल्या जेनोआवाल्यांनी लगेच अँड्रोनिकसला कैदेतून पळवलं. तो मुरादकडे गेला, तिथून सैन्य घेतलं आणि ३२ दिवसांच्या वेढ्यानंतर १२ ऑगस्टला शहरात शिरला. बाप आणि भाऊ आनेमासच्या बुरुजात बंद झाले. मोबदला म्हणून जेनोआला टेनेडोस लिहून मिळालं आणि मुरादला गॅलिपोली. ते ठाणं अवघ्या दहा वर्षांपूर्वी सॅव्हॉयच्या आमादेओने तुर्कांकडून जिंकून परत दिलेलं होतं.

१३७९. बाप आणि भाऊ बुरुजातून निसटले. गेले कुठे? त्याच मुरादकडे. थोरल्याहून जास्त खंडणी आणि सैन्य कबूल केलं. आता तुर्क आणि व्हेनिस त्यांच्या बाजूने. १ जुलैला शहर परत घेतलं. अँड्रोनिकस गलाट्यात पळाला आणि जाताना स्वतःच्या आईला, मावश्यांना आणि संन्यास घेतलेल्या आजोबांना (आईच्या वडिलांना) ओलीस म्हणून घेऊन गेला.

१३८१. शहर आणि गलाटा यांच्यात दोन वर्षं मारामारी चालली, शेवटी तह झाला. अँड्रोनिकस हाच वारस आणि त्याच्यामागे त्याचा मुलगा जॉन, हे बापाने मान्य केलं. मार्माराच्या काठावरचं सेलिम्ब्रिया आणि आसपासची गावं त्याला दिली. १३८५ मध्ये त्याने बापाच्या एका किल्ल्यावर हात टाकून पाहिला, हरला, आणि २८ जूनला वारला.

म्हणजे १३८१ च्या तहाप्रमाणे १३८५ नंतर वारस कोण? सातवा जॉन. आजोबांचा कल मॅन्युएलकडे आहे हे उघड दिसत असताना त्याने १३९० मध्ये आपला हक्क वसूल केला. त्यासाठी जेनोआ आणि नवा सुलतान बायेझिद यांची मदत घेतली हे खरं. पण त्या तीस वर्षांत परक्याच्या मदतीशिवाय गादीवर आलेला एक तरी सम्राट दाखवा.

माळावरचा

वाचतोय. एक बाळबोध शंका. डोळे काढले तर माणूस सम्राट होऊ शकत नाही, म्हणूनच ती शिक्षा होती ना? मग हे दोघे परत गादीवर कसे?

शाईपेन (धागाकर्ता)

बाळबोध नाही, मुद्द्याचीच आहे. सम्राट शरीराने अव्यंग हवा हा जुना संकेत. त्यामुळे जीव न घेता स्पर्धक बाद करायला आंधळं करणं हा रुळलेला मार्ग होता. याच पॅलिओलोगस घराण्याची सुरुवात तशी झाली आहे. १२६१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लॅटिनांकडून (पश्चिम युरोपीय राज्यकर्त्यांकडून) परत मिळालं, आणि त्याच वर्षी नाताळाच्या दिवशी आठव्या मायकेलने खरा वारस चौथा जॉन लास्कारिस याचे डोळे काढवले. तो त्याचा अकरावा वाढदिवस होता. त्या पोराने उरलेलं सगळं आयुष्य कैदेत काढलं.

अँड्रोनिकस आणि त्याच्या मुलाला थोडंफार दिसत राहिलं, त्यामुळे संकेताला पळवाट मिळाली. आणि संकेत पाळायला लावणारं कोणी उरलंही नव्हतं. पाठीशी जेनोआची जहाजं असताना 'तुमचा एक डोळा अधू आहे' असं कोण जाऊन सांगणार?

दर्यावर्दी

टेनेडोसवर लेखकाने दोन ओळींत बोळवण केली आहे, ते मला मान्य नाही. तिथे थांबायला हवं होतं.

नकाशा उघडून बघा. डार्डनेल्सच्या तोंडाशी ठिपक्याएवढं बेट. आज तुर्कस्तानात आहे, बोझजाआदा म्हणतात. त्या सामुद्रधुनीत पाण्याचा ओघ मार्माराकडून एजियनकडे, आणि उन्हाळ्यात वाराही बहुधा उत्तरेकडचा. शिडाच्या जहाजांना आत शिरायला अनुकूल वाऱ्याची वाट बघत दिवस दिवस थांबावं लागायचं, आणि थांबायला सोयीची जागा हीच. ज्याच्या हातात टेनेडोस, तो ठरवणार काळ्या समुद्रात कोणाचा माल जाईल. क्रिमियातलं काफा जेनोआकडे, डॉनच्या मुखाशी ताना इथे व्हेनिसची वखार. धान्य, गुलाम, कातडी, मेण, रेशीम, सगळं याच गळ्यातून बाहेर पडणार.

आता गंमत बघा. सम्राटाने जेनोआला बेट लिहून दिलं, पण बेटावरच्या लोकांनी आणि तिथल्या अधिकाऱ्याने तो कागद मानलाच नाही. ते पाचव्या जॉनशी एकनिष्ठ राहिले आणि त्यांनी बेट व्हेनिसच्या हवाली केलं. जेनोआ आणि अँड्रोनिकस यांनी मिळून चढाई केली, तीही फसली. त्यातून भडकलं ते किओज्जाचं युद्ध. १३७९ मध्ये जेनोआचं आरमार थेट व्हेनिसच्या दारात, खाजणातल्या किओज्जापर्यंत येऊन ठेपलं. वर्षाअखेर व्हेनिसने उलट त्यांनाच तिथे कोंडलं आणि पुढच्या जूनमध्ये शरण आणलं.

१३८१ च्या तुरीनच्या तहात असं ठरलं की बेट कोणालाच नको. तटबंदी पाडायची आणि रहिवासी हलवायचे. त्यावर व्हेनिसचा बेटावरचा अधिकारी मुदाज्जो म्हणाला, मी सोडत नाही. आपल्याच सरकारविरुद्ध अडून बसला, त्याला हटवायला १३८३ उजाडलं. माणसांना क्रीट आणि युबियावर नेऊन वसवलं. त्या तहाच्या वाटाघाटी उत्तर इटलीत झाल्या. बेट ज्याचं होतं त्या सम्राटाला कोणी विचारायला गेलं नाही.

टिवल्याबावल्या

घरचं भांडण तिघांचं, त्यात गाव उठलं ते भलतंच. :)

बाकी मुराद साहेबांचा धंदा आवडला. १३७६ ला मुलाला सैन्य, १३७९ ला बापाला सैन्य. दोन्हीकडून बयाणा.

कोरडा पाऊस

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु निष्कर्षाशी मी असहमत आहे.

वारसाहक्काचा मुद्दा क्षणभर मान्य केला तरी किंमत कोणती दिली हे पाहिले पाहिजे. गॅलिपोली हे काही साधे ठाणे नव्हते. मार्च १३५४ मधील भूकंपात तेथील तट कोसळले आणि ऑटोमन सैन्य आत शिरले. युरोपच्या भूमीवर त्यांचे पाय घट्ट रोवले गेले ते तेथूनच. १३६६ मध्ये ते परत मिळाले. पाश्चात्त्यांनी बायझंटाइनांना केलेल्या मदतीपैकी प्रत्यक्षात फळलेली ही एक दुर्मीळ मदत. ती अँड्रोनिकसने एका सहीने घालवली. यानंतर सुलतानाला आशियातून युरोपात सैन्य नेण्यासाठी कोणाच्या परवानगीची वा जहाजांची वाट पाहावी लागली नाही. पुढे १३८९ मध्ये कोसोव्होला आणि १३९६ मध्ये निकोपोलिसला जे घडले, त्यात या सहीचा वाटा आहे.

पित्याविरुद्ध बंड करणाऱ्याला एकवेळ समजून घेता येईल. सामुद्रधुनीची किल्ली विकणाऱ्याला नाही.

शाईपेन (धागाकर्ता)

कोरडा पाऊस, गॅलिपोलीबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं मान्य. अँड्रोनिकसची वकिली मी करतच नाहीये. माझा अशील त्याचा मुलगा आहे.

पण 'विकणारा' हा शिक्का एकाच पातीवर का? सुलतानाचा मांडलिक होणं पाचव्या जॉनने अँड्रोनिकसच्या बंडाआधीच पत्करलं होतं. बंडाच्या वेळी तो मुरादच्या छावणीतच होता. त्याच्याआधी त्याचा सासरा आणि यादवीतला प्रतिस्पर्धी सहावा जॉन कांताकुझेनोस याने १३४६ मध्ये आपली मुलगी थिओडोरा सुलतान ओरहानला दिली आणि यादवीत तुर्की सैन्य वापरलं. तेच सैन्य पुढे गॅलिपोलीजवळ मुक्काम ठोकून बसलं, म्हणून तर भूकंपानंतर आत शिरायला इतकं जवळ होतं.

आणि ज्याला सगळे आदर्श सम्राट मानतात तो मॅन्युएल? १३८१ च्या तहात आपला वारसाहक्क गेला म्हणून रुसून तो १३८२ मध्ये थेसालोनिकीला गेला आणि बापाला न विचारता तिथे स्वतंत्र राज्य करू लागला. बापाचं धोरण सुलतानाशी तहाचं, याने तुर्कांशी लढाई सुरू केली. मुरादच्या सैन्याने वेढा घातला आणि एप्रिल १३८७ मध्ये शहर पडलं. मॅन्युएलचं ते बंड आपण शौर्य म्हणून वाचतो. पुतण्याचं बंड गद्दारी. निकाल कोण जिंकलं यावर लागलाय. शिवाय मॅन्युएल उत्तम लिहायचा, त्याची पत्रं आणि भाषणं टिकली. पुतण्याची बाजू मांडणारं त्या तोडीचं काही उरलेलं नाही.

उंबरठा

इतका वेळ चर्चेत बाप, मुलगा, भाऊ, पुतण्या. ओलीस नेलेली 'आई' एका वाक्यात आली आणि गेली.

ती हेलेना कांताकुझेने. तिचं आयुष्य बघा. वडील सहावा जॉन कांताकुझेनोस हे आधी मोठे सरदार, मग सम्राट. १३४१ ते ४७ च्या यादवीत ते लहानग्या पाचव्या जॉनच्या आईशी, सॅव्हॉयच्या अ‍ॅनाशी लढले. तह झाला तेव्हा हेलेनाला त्याच पाचव्या जॉनला दिलं. वय तेरा-चौदा. पाच वर्षांत तिचा नवरा आणि तिचा सख्खा भाऊ मॅथ्यू एकमेकांवर चालून गेले. १३५४ मध्ये नवऱ्याने जेनोआच्या फ्रान्चेस्को गात्तिलूझियोच्या मदतीने तिच्या वडिलांना पायउतार केलं, ते जोआसाफ नाव घेऊन मठात गेले. मग तिच्या थोरल्याने तिच्या नवऱ्याला आणि धाकट्याला कैद केलं. ते निसटले तेव्हा त्यात तिचा हात असल्याचा संशय आला, आणि थोरल्याने तिलाच गलाट्याला ओढून नेलं, म्हाताऱ्या वडिलांसकट. या बाईच्या आयुष्यात एकही यादवी अशी नाही जिच्या दोन्ही बाजूंना तिचं माणूस नव्हतं.

आणि सासूबाई अ‍ॅना. यादवीच्या खर्चासाठी तिने १३४३ मध्ये राजमुकुटाची रत्नं व्हेनिसकडे ३०,००० डुकाटांना गहाण टाकली. ती कधीच सुटली नाहीत. १३४७ च्या राज्याभिषेकाला हागिया सोफियाचा घुमट अर्धवट कोसळलेला, म्हणून सोहळा ब्लाखेर्नेच्या चर्चमध्ये. ग्रेगोरास हा त्या काळचा इतिहासकार लिहितो की मुकुटावर काचेचे खडे होते आणि मेजवानीला मातीची नि कथलाची भांडी. त्यानेच दिलेले आणखी दोन आकडे: गलाट्याच्या जकातीचं वार्षिक उत्पन्न दोन लाख हायपरपायरा (बायझंटाइन सोन्याची नाणी), खुद्द कॉन्स्टँटिनोपलचं जेमतेम तीस हजार. म्हणजे ज्या गादीसाठी हे सगळे जीव टाकत होते तिची मिळकत समोरच्या काठावरच्या भाडेकरूच्या सहाव्या हिश्शाहून कमी.

माळावरचा

उंबरठा, तो शेवटचा आकडा वाचून चहा गार झाला.

दर्यावर्दी

जकात मुद्दाम कमी ठेवून गलाट्याने जहाजं ओढली. कांताकुझेनोसने १३४८ मध्ये आपल्या बंदरातली जकात उतरवून स्पर्धा करून पाहिली आणि नवीन आरमार बांधायला घेतलं. गलाटावाल्यांनी ते पाण्यात उतरण्यापूर्वीच बरंचसं जाळलं, उरलेलं पुढच्या वर्षी हरलं. सोन्याचं नाणं पाडणंही याच सुमारास कायमचं थांबलं. पुढचे सगळे सम्राट चांदीवर.

सांजवात

लहान कारकिर्दींचाच विषय आहे तर ट्रेबिझोंडला विसरू नका. काळ्या समुद्राच्या दक्षिण काठावर कोम्नेनोस घराण्याचं वेगळं छोटं साम्राज्य होतं, १२०४ ते १४६१. तिथे एप्रिल १३४० मध्ये बेसिल वारला आणि पुढच्या नऊ वर्षांत गादीने काय काय पाहिलं:

बेसिलची पत्नी आयरीन, कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या अँड्रोनिकसची अनौरस मुलगी, सव्वा वर्ष. तिला हटवून अ‍ॅना आनाखुत्लू, जी आधी जोगीण होती. जुलै १३४१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून मायकेल नावाचा दावेदार आयरीनशी लग्न करून राज्य करायला म्हणून आला, तर त्याला मुकुटाऐवजी कोठडी मिळाली. १३४२ मध्ये मायकेलचाच मुलगा तिसरा जॉन सैन्य घेऊन आला, अ‍ॅनाचा गळा आवळला गेला. हा मुलगा गादीवर बसला, पण बापाला कैदेतून सोडवायचं काही त्याने मनावर घेतलं नाही. दोन वर्षांत सरदारांनी मुलाला काढून बापाला बसवलं. पाच वर्षांनी त्यालाही काढलं आणि बेसिलचा अकरा वर्षांचा मुलगा तिसरा अलेक्सियोस आणला.

आणि गंमत अशी की या पोराने १३९० पर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक, राज्य केलं.

टिवल्याबावल्या

मुलगा बापाला कोठडीत ठेवून त्याच्या गादीवर बसतो, मग बाप कोठडीतून येऊन मुलाच्या गादीवर बसतो. त्या घरात दिवाळीला काय बोलत असतील? (दिवाळी नव्हती, माहीत आहे.)

कोरडा पाऊस

शाईपेन, मॅन्युएलविषयीचा आपला मुद्दा विचार करण्याजोगा आहे. परंतु आपल्या अशिलाकडे परत येऊ. १३९० नंतर तो सरळ बायेझिदकडे गेला. १३९४ पासून सुलतानाने कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला, तेव्हा हा सेलिम्ब्रियात सुलतानाच्या पदरी होता. आणि १३९७ मध्ये त्याने आपला सम्राटपदाचा हक्क फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्सला विकायला काढला, २५,००० फ्लोरिन आणि फ्रान्समधील एक गढी या बदल्यात. हे वारसदाराचे वर्तन आहे का?

शाईपेन (धागाकर्ता)

याच प्रश्नाची वाट बघत होतो.

आधी बायेझिदच्या पदरी असण्याबद्दल. १३९० च्या पराभवानंतर लगेच बायेझिदने फिलाडेल्फिया घ्यायचं ठरवलं. आशिया मायनरच्या आत तगून राहिलेलं ते शेवटचं ग्रीक शहर, आजचं आलाशेहिर. त्या चढाईत सुलतानाच्या सैन्यात दोन पॅलिओलोगस होते, काका आणि पुतण्या दोघेही. आपलंच शहर पाडायला मॅन्युएललाही जावं लागलं. पुढच्याच वर्षी पुन्हा मोहिमेवर असताना त्याने मित्राला, किदोनीसला लिहिलेली पत्रं आहेत. ओसाड पडलेली शहरं, ज्यांची नावंही आसपासच्या लोकांना आठवत नाहीत. घरी त्याच्या वडिलांनी सुवर्णद्वाराजवळची गढी नव्याने बळकट केली होती. बायेझिदने फर्मावलं की पाडा, नाहीतर मॅन्युएलचे डोळे काढतो. त्यांनी पाडली आणि १६ फेब्रुवारी १३९१ ला वारले. बातमी कळताच मॅन्युएल बुर्साहून निसटून राजधानीत पोचला, पुतण्याच्या आधी. गादीचा निकाल असा लागला, कोण आधी पोचतं यावर.

नंतर १३९३-९४ च्या हिवाळ्यात बायेझिदने सगळ्या मांडलिकांना सेरेसला बोलावलं आणि मॅन्युएलच्याच लिखाणाप्रमाणे त्यांना ठार करायचा हुकूम दिला, मग फिरवला. तिथून सुटल्यावर मॅन्युएलने मांडलिकी झुगारली. त्यामुळे वेढा पडला. मॅन्युएल मांडलिकी झुगारू शकला कारण त्याच्यामागे तट होते. सेलिम्ब्रियात राहणाऱ्याला ती चैन नव्हती.

फ्रान्सच्या व्यवहाराचं समर्थन मी करणार नाही. तो फसला. पण सत्तावीस वर्षांचा माणूस डोक्यावर बायेझिद असताना 'पैसे द्या आणि एक घर द्या, मी जातो' असं म्हणतो, त्यात मला लोभापेक्षा कंटाळा जास्त दिसतो.

आणि आता १३९९. फ्रेंच सेनानी बूसिको थोडी कुमक घेऊन कॉन्स्टँटिनोपलला आला. त्याने पाहिलं की काका-पुतण्याचं भांडण मिटल्याशिवाय काही होणार नाही. तो स्वतः सेलिम्ब्रियाला गेला आणि सातव्या जॉनला घेऊन आला. समेट झाला. १० डिसेंबरला मॅन्युएल मदत मागायला युरोपात निघाला, आणि वेढा पडलेली राजधानी कोणाच्या हाती दिली? पुतण्याच्या. (विश्वास किती होता तेही बघा: बायको आणि लहान मुलं मॅन्युएलने वाटेत दक्षिण ग्रीसमधल्या मोरियात भावाकडे ठेवली, शहरात नाही.)

मॅन्युएल पॅरिस, लंडन हिंडला, चौथ्या हेन्रीकडे नाताळ केला. इकडे शहरात धान्य नाही, माणसं तटावरून उतरून तुर्कांना शरण जाताहेत. बूसिकोने मागे ठेवलेले शंभरेक फ्रेंच शिपाई शातोमोरांच्या हाताखाली. बायेझिदच्या शहर सोडण्याच्या मागण्या चालूच. सातव्या जॉनला गद्दारीच करायची असती तर याहून चांगली संधी कुठली? दरवाजा कसा उघडवायचा हे त्याला दहा वर्षांपूर्वीपासून माहीत होतं. त्याने उघडला नाही. अडीच वर्षं तग धरला, आणि २८ जुलै १४०२ ला अंकाराच्या लढाईत तैमूरने बायेझिदला पकडलं. वेढा उठला.

उंबरठा

आणि बक्षीस काय मिळालं तेही लिहा ना.

शाईपेन (धागाकर्ता)

लिहितो. १४०३ मध्ये बायेझिदचा मुलगा सुलेमान याच्याशी जो तह झाला, त्यात थेसालोनिकी परत मिळालं. ती बोलणी सातव्या जॉनच्या कारभारात झाली. समेटात थेसालोनिकी त्याला द्यायचं ठरलं होतं. काका जूनमध्ये परत आला आणि शब्द विसरला, पुतण्याला लेम्नोसला पाठवून दिलं. मग पुतण्या आणि त्याचा सासरा, लेस्बोसचा दुसरा फ्रान्चेस्को गात्तिलूझियो, जहाजं घेऊन थेसालोनिकीकडे सरकले. तेव्हा काकाला शब्द आठवला. त्या वर्षाच्या शरद ऋतूत जॉन 'सगळ्या थेसालीचा सम्राट' या पदवीने तिथे गेला आणि २२ सप्टेंबर १४०८ ला मरेपर्यंत शांतपणे राज्य केलं. काकावर पुन्हा चालून गेला नाही.

त्याला मुलगा होता, अँड्रोनिकस, लहानपणीच गेला. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स संग्रहात मुठीत मावेल अशी हस्तिदंती डबी आहे. तिच्यावर दोन सम्राट, दोन सम्राज्ञी, दोन लहान मुलं आणि भोवती वाजंत्री कोरलेत. ही काका-पुतण्याची कुटुंबं असून डबी समेटाच्या वेळची आहे, असं अभ्यासक मानतात.

सांजवात

पुढची पिढी सुधारली असेल असं वाटत असेल तर सांगते. मॅन्युएलच्या मुलांपैकी देमेत्रियोसने १४४२ मध्ये तुर्की सैन्य घेऊन राजधानीवरच चाल केली. थोरला भाऊ आठवा जॉन १४४८ मध्ये वारला तेव्हा तो पुन्हा पुढे सरसावला. आई हेलेना द्रागाश तेव्हा संन्यासिनी होती, तिने आपलं वजन दुसऱ्या मुलाच्या, कॉन्स्टंटाइनच्या पारड्यात टाकलं. हा अकरावा कॉन्स्टंटाइन, शेवटचा. १४५३ नंतरही मोरियात देमेत्रियोस आणि थॉमस हे दोघे भाऊ आपसांत लढतच होते. १४६० मध्ये देमेत्रियोसने मोरियाची राजधानी मिस्त्रा सुलतान मेहमेदच्या हवाली केलं आणि थॉमस कोर्फूमार्गे इटलीला गेला.

कोरडा पाऊस

१३९९ ते १४०२ या काळाविषयी मी आपल्याशी सहमत होतो आहे. अँड्रोनिकसविषयी मात्र माझे मत कायम. थॉमसच्या वंशाचे पुढे काय झाले?

शाईपेन (धागाकर्ता)

त्याचा मुलगा आंद्रेआस रोममध्ये पोपच्या तनख्यावर राहिला. पैशांची कायम ओढाताण. १४९४ मध्ये त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटपदाचा हक्क फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सच्या नावे केला. चार्ल्स १४९८ मध्ये वारला, तेव्हा तोच हक्क आंद्रेआसने १५०२ च्या मृत्युपत्रात स्पेनच्या फर्डिनंड आणि इझाबेलाला दिला. त्यांनी ती पदवी कधी वापरली नाही.